सासवडची क्रश सँड आणि थरचे धोरे

निघण्याआधी

पुण्याच्या आसपास रस्ता सोडून मोटरसायकल शिकायला हर प्रकारची जमीन आहे. बोपदेव घाटाच्या बाजूला मुरूम, पुरंदरच्या पायथ्याला दगडगोटे, पावसाळ्यात मुळशीकडे घोट्याएवढा चिखल. नाही ती वाळू. चाक रुतेल, बूट भरतील अशी कोरडी, खोल वाळू आपल्याकडे कुठेच नाही, आणि मला शर्यत करायची होती ती वाळवंटात, जैसलमेरजवळच्या थरमध्ये.

हे खूळ डोक्यात शिरलं २०२४च्या जानेवारीत. त्या महिन्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मी आणि माझा धाकटा भाऊ दोघंही गेलो होतो. मातीच्या उंचवट्यांवरून गाड्या हवेत जाताना पाहून तो वेडा झाला. माझं मन मात्र त्याच महिन्यात सौदी अरेबियात चाललेल्या डाकार रॅलीमध्ये होतं, वाळवंटातल्या अनेक दिवसांच्या शर्यतीत. केरळच्या हरिथ नोआने तिथे रॅली-टू गट जिंकला, एकंदर क्रमवारीत अकरावा आला. सुपरक्रॉसमध्ये सगळा खेळ स्टेडियममध्ये, हजारो लोकांसमोर. रॅलीमध्ये माणूस एकटा, समोर कागदाची गुंडाळी आणि क्षितिजापर्यंत वाळू. मला ते एकटेपण हवं होतं. आणि बंगळुरूच्या ऐश्वर्या पिस्सेने २०१९ मध्ये एफआयएम (आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघ) बाजा वर्ल्ड कपचा, म्हणजे छोट्या वाळवंटी रॅलींच्या मालिकेचा, महिला गट जिंकला, तेव्हापासून 'बायकांना हे झेपतं का' हा प्रश्न माझ्यापुरता तरी संपलेला होता.

गाडी सेकंडहँड घेतली, हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, वजन एकशे साठ किलोच्या आसपास. सुरुवात करणाऱ्याला याहून मोठी गाडी नको, असं माझं ठाम मत आहे. पडलेली गाडी एकट्याने उचलता आली पाहिजे, आणि वाळूत ती दिवसातून दहादा उचलावी लागते. पैसेही आधी बूट, हेल्मेट, छाती-पाठीचं कवच, गुडघ्याचे गार्ड आणि नेक ब्रेस यांवर घातले. सस्पेन्शनचं काम त्यानंतर. आमच्या कारखान्यात, भोसरीला, तपासणी विभागात काम करताना एक सवय लागली आहे: जे तुटलं तर परत मिळत नाही त्याची काळजी पहिली.

वाळूचा प्रश्न मामांनी सोडवला. सासवडला त्यांचं घर बांधायचं चाललं होतं. स्लॅब लांबला आणि चार ब्रास क्रश सँड शेतात पडून होती. "तोवर वापर, पण प्लास्टरच्या आधी ढीग परत लावून द्यायचा," एवढीच अट. चार ब्रास म्हणजे चारशे घनफूट. ती पसरली तेव्हा दहा फूट रुंद, चाळीस फूट लांब आणि फूटभर जाड असा पट्टा झाला. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला आणि त्या पट्ट्यावर सुरुवात केली. तीन महिने, दर रविवारी. फुटरेस्टवर उभं राहून जायचं, वळायचं, यायचं. मधल्या दिवसांत ऑफिसआधी पर्वतीच्या पायऱ्या. डिसेंबर संपेपर्यंत तो पट्टा मी डोळे मिटून पार करू शकले असते, आणि मला वाटलं, वाळू जमली.

पहिला दिवस : पुणे ते अहमदाबाद

पहाटे साडेतीनला मामांचा पिकअप दारात. गाडी आदल्या रात्रीच चढवून चार पट्ट्यांनी बांधली होती. फोर्क पूर्ण दाबून बांधला तर सील जातं, म्हणून मडगार्डच्या खाली लाकडाचा ठोकळा. नाना पेठेतून आणलेलं सामान एका पत्र्याच्या पेटीत: जाड ट्यूब चार, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर दोन-दोन, क्लच केबल, स्पोक, टॉमी, हवेचा पंप आणि तेल लावून पिशवीत बंद केलेले तीन फिल्टर.

घोडबंदर, वापी, सुरत, भरूचला नर्मदा. साडेसहाशे किलोमीटर सपाट महामार्ग. दिवसभर मामा चालवत होते, संध्याकाळी भाऊ. मी झोपले, कारण दोघांनीही मला स्टेअरिंगला हात लावू दिला नाही.

दुसरा दिवस : अहमदाबाद ते जैसलमेर

सांचोर गेल्यावर जमीन बदलली. बाभळी विरळ झाल्या आणि एकेकटी, छाटलेल्या डोक्याची झाडं दिसू लागली. खेजडी. म्हणजे आपली शमी, पण इथे ती बांधावर सोन्यासारखी जपलेली. पाला जनावरांना, शेंगांची भाजी माणसांना. पुण्यात वर्षाला सातशे मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात आपण टँकर मोजतो. जैसलमेरला जेमतेम दोनशे पडतो.

बाडमेरनंतर रस्त्यावर वाळूच्या जिभा आलेल्या. मामांनी गाडी बाजूला घेतली, उतरून मूठभर वाळू उचलली, दोन बोटांत चोळली आणि म्हणाले, "पोरी, ही आपल्यासारखी नाही गं. ही धरतच नाही."

मला तेव्हा ते बांधकाम करणाऱ्या माणसाचं बोलणं वाटलं. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांनी तीन महिन्यांच्या सरावातली चूक एका चिमटीत दाखवली होती.

तिसरा दिवस : पहिली वाळू

शर्यतीच्या आयोजकांनी नवख्यांसाठी एक दिवस सरावाचा ठेवला होता. शिकवणारे जोधपूरचे, पन्नाशीचे, सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी आधी आमच्या टायरमधली हवा काढली. मी अठ्ठावीसवर भरून आणली होती, त्यांनी पंधरावर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवरचं त्याचं पाऊल मोठं होतं, उंटासारखं. मात्र इतक्या कमी हवेवर टायर रिमवर फिरून ट्यूबचं तोंड फाटू शकतं, म्हणून टायर रिमला आवळून धरणारा रिम-लॉक लागतो. आणि खडक आला की वेग कमी, नाहीतर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते.

मग पहिला धोरा. इकडे वाळूच्या टेकडीला धोरा म्हणतात. उंची आपल्या दुमजली घराएवढी. मी दुसऱ्या गिअरमध्ये निघाले, सासवडला जायचे तशीच, आणि दहा मीटरवर पुढचं चाक डावीकडे वळून गाडी आडवी झाली. उचलली. पुन्हा निघाले. पुन्हा आडवी. दुपारपर्यंत सात वेळा पडले.

कारण मामांच्या चिमटीत होतं. क्रश सँड म्हणजे यंत्रात फोडलेला दगड. कण धारदार, कोन असलेले, एकमेकांत अडकतात, म्हणून ती बांधकामाला चालते आणि चाकाखाली दाबली जाऊन घट्ट होते. थरचे कण वाऱ्याने हजारो वर्षं घासून गोल केलेले. ते एकमेकांवरून घरंगळतात. सासवडला मी चाक वाळूला 'धरायला' शिकले होते. इथे धरायला काही नव्हतंच.

घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचे हात एकाच गोष्टीला सरावलेले असतात: चाक हललं की हँडल घट्ट पकडायचं, गॅस सोडायचा, पुढचा ब्रेक दाबायचा. वाळूत या तिन्ही गोष्टी पाडतात. गॅस सोडला की वजन पुढे येतं, पुढचं चाक नांगरासारखं रुततं आणि गाडी त्याभोवती फिरते. हँडल घट्ट धरलं की चाकाचा प्रत्येक झटका खांद्यापर्यंत येतो आणि तुम्ही त्याच्याशी भांडत बसता. उस्तादांनी मला अंगठा आणि दोनच बोटांनी हँडल धरायला लावलं. गुडघ्यांनी टाकी आवळायची, कंबर मागे, नजर चाकासमोर नाही तर शंभर पावलं पुढे. "बाईसा, गाडी को चलने दो," एवढं एकच वाक्य ते दिवसभर म्हणत होते.

बोटं सुटायला तीन तास लागले. भीती बोटांतच राहते, हे मला त्या दिवशी समजलं. चारच्या सुमाराला एकदा, तिसऱ्या गिअरमध्ये, हँडल डावीकडे-उजवीकडे हलत असताना मी गॅस तसाच धरून ठेवला आणि एका वेगाला पुढचं चाक वाळूच्या वर आलं. हलणं थांबलं नाही, पण ते माझ्यापर्यंत पोचेना. होडी पाण्यावर चढते तसं. मी हेल्मेटमध्ये मोठ्याने ओरडले.

धोऱ्याची बांधणीही त्यांनी पायी फिरवून दाखवली. वाऱ्याकडची बाजू लांब, निवांत चढणारी आणि दाबलेली. पलीकडची बाजू एकदम कोसळणारी, मऊ, तीस ते चौतीस अंशांची. कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही, घसरते. म्हणून माथ्यावर कधीही भरधाव जायचं नाही. सरळ चढायचं, माथ्याशी वेग मोडायचा, पलीकडे पाहायचं आणि सरळच उतरायचं. तिरकं उतरलं तर गाडी खालच्या बाजूला लोळते. दुपारी सूर्य डोक्यावर असताना सावल्या नसतात आणि पुढचा खड्डा दिसतच नाही. सगळं एकसारखं पिवळं. सकाळची वाळू रात्रीच्या दवाने थोडी घट्टही असते. शहाणी माणसं सकाळी वेळ कमावतात आणि दुपारी जपतात.

रुतलात तर गॅस देऊ नका, चाक स्वतःची कबर खणतं. उतरायचं, गाडी एका कुशीवर आडवी करायची, चाकाच्या खड्ड्यात पायाने वाळू लोटायची, गाडी उभी करायची आणि निघायचं. शक्ती वाचवणारी युक्ती म्हणून ही मला सगळ्यांत मोलाची वाटते. आणि थांबायचंच असेल तर उतरणीकडे तोंड करून थांबायचं.

रात्री भावाने फिल्टर उघडला. एका दिवसात त्यावर खाकी साय धरली होती. ही वाळू इंजिनात गेली तर पिस्टन आणि सिलिंडर खरवडून काढते. त्याने फिल्टर धुवायला टाकला, पेटीतला दुसरा बसवला. चेन मात्र कोरडी पुसून ठेवली, कारण तेलकट चेनवर वाळू चिकटून तिचा सँडपेपर होतो.

चौथा दिवस : कागदपत्रं आणि रोडबुक

सकाळी तपासणी. एफएमएससीआयचा (भारतातल्या मोटरस्पोर्ट क्लबांच्या महासंघाचा) परवाना, डॉक्टरांचं पत्र, विमा, हेल्मेटवर रक्तगट, गाडीवर ट्रॅकर. मग सूचना. त्यातली एक मनात राहिली: मार्ग डेझर्ट नॅशनल पार्कच्या हद्दीबाहेरून आखला आहे, आखलेल्या मार्गाबाहेर हौसेने फिरायचं नाही, सेवण गवताच्या पट्ट्यांत तर नाहीच. तिथे माळढोक असतो. आपल्या नान्नजचं अभयारण्य त्याच्याच नावाचं, आणि सोलापूरच्या माळावर तो दिसेनासा झाला तो आपल्या डोळ्यांदेखत. ज्या खेळासाठी मोकळी जमीन लागते त्या खेळाने तरी मोकळ्या जमिनीवर राहणाऱ्याला जागा सोडली पाहिजे. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, त्यातूनही गाडी न्यायची नाही. आपल्या देवराईसारखंच.

संध्याकाळी रोडबुक मिळालं. कागदाची लांब गुंडाळी, हँडलवरच्या पेटीत बसते, बटणाने सरकते. प्रत्येक ओळीत तीन खाने. पहिल्यात अंतर, सुरुवातीपासूनचं आणि मागच्या खुणेपासूनचं. मधल्यात छोटं चित्र: टिंबापासून आलात, बाणाकडे जा. तिसऱ्यात खुणा, म्हणजे कुंपण, विहीर, दिशेचे अंश, आणि धोक्यासाठी उद्गारचिन्हं. एक असेल तर सांभाळा, दोन असतील तर वेग तोडा, तीन असतील तर जवळजवळ थांबाच. मी वळणं पिवळ्या आणि धोके लाल रंगाने रंगवले. मामा शेजारी बसून टॉर्च धरत होते. त्यांनी विचारलं, मोबाइलवर नकाशा असताना हा खटाटोप कशाला?

मी त्यांना तिएरी साबिनची गोष्ट सांगितली. १९७७ मध्ये आबिजान-नीस शर्यतीत हा फ्रेंच माणूस मोटरसायकलसकट लिबियाच्या वाळवंटात हरवला. वाचल्यावर त्याला पुन्हा तिकडे जायची भीती वाटायला हवी होती. त्याने २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून डाकारकडे शर्यत सोडली, तीच आजची डाकार रॅली. रस्ता शोधणं हा शर्यतीचाच अर्धा भाग आहे, वेग उरलेला अर्धा.

"म्हणजे वारीसारखं नाही, दिंडीच्या मागे चालायचं," मामा म्हणाले.

पाचवा दिवस : पहिला टप्पा

पहाटे सात-आठ अंश थंडी. एकेक मिनिटाने एकेक गाडी सोडत होते. भावाने हवा पुन्हा मोजली, पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर पाणी आणि ओआरएस भरलं, आणि काही न बोलता हेल्मेटवर टपली मारली.

पहिले तीस किलोमीटर इतके छान गेले की मी रोडबुक वाचायचं विसरले. समोर चाकोऱ्या दिसत होत्या आणि मी त्यांच्यामागे गेले. नवख्याची ही नेहमीची चूक आहे, उस्तादांनी सांगितलेलीही होती. पुढचा चुकलेला असला तर त्याची चाकोरीही चुकलेलीच. अंतर सांगत होतं की इथे विहीर हवी. विहीर नव्हती. मी थांबले, उलट फिरले, शेवटच्या पटलेल्या खुणेपर्यंत चार किलोमीटर परत गेले आणि ट्रिप मीटर जुळवून पुन्हा निघाले. परत जाताना पोटात कालवलं, पण तो निर्णय बरोबर ठरला. पुढच्या वळणावर अंदाजाने जाणाऱ्यांचा एक नियंत्रण बिंदू हुकला आणि त्यांना दंडाची मिनिटं बसली.

साठाव्या किलोमीटरच्या आसपास एका माथ्यावर वेग मोडून पाहिलं तर खाली गाडी आडवी आणि स्वार बसलेला, उजवा हात छातीशी धरून. मी माझी गाडी माथ्यावर आडवी लावली, मागून येणाऱ्याला दिसावी म्हणून, आणि धावत खाली गेले. इंग्रजीत विचारलं, मग हिंदीत. तो काही बोलेना. हेल्मेटचा पट्टा सैल करायला गेले तशी आतून आवाज आला, "आई गं!"

"अरे, कुठला तू?"

"कोल्हापूर... ताई, हात हलवू नका."

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, बघूनच कळत होतं. त्याच्या ट्रॅकरचं लाल बटण दाबलं. त्याला सावलीत नेणं शक्य नव्हतं, सावलीच नव्हती, म्हणून मी सूर्याच्या बाजूला उभी राहिले. पाणी थोडं थोडं पाजलं. पंचवीस मिनिटांनी डॉक्टरांची जीप आली. तोवर तो मला सांगत होता की घरी अजून कुणाला माहीत नाही तो शर्यतीला आलाय. मी सांगितलं, आधी आईला फोन कर, रिपोर्ट नंतर. मदतीसाठी थांबलेला वेळ परत मिळतो असा नियम आहे आणि संध्याकाळी तो मला मिळालाही. पण तो नसता मिळाला तरी तिथून पुढे कोण गेलं असतं?

त्यानंतरचे चाळीस किलोमीटर मी वाईट चालवले. बोटं पुन्हा आवळली गेली. माथा आला की त्याचं 'आई गं' ऐकू यायचं. चार वेळा पडले, एकदा पूर्ण रुतले, पाणी संपलं. तळावर पोचले तेव्हा भाऊ वाट पाहत उभा होता आणि माझी बोटं क्लचवरून त्याने एकेक करून सोडवली.

रात्री मामांनी दुसऱ्या पथकाच्या स्वयंपाक्याकडून बाजरीचं पीठ मिळवलं आणि स्वतः भाकरी थापल्या. इथे तिला सोगरा म्हणतात, थोडी जाड असते. मामांनी आपल्यासारखी पातळ केली. केर-सांगरीची भाजी आणि ती भाकरी. सांगरी म्हणजे त्याच शमीच्या शेंगा.

सहावा दिवस : दुसरा टप्पा

निघण्याआधी उस्ताद रांगेतून फिरत होते. माझ्याजवळ आले, काही बोलले नाहीत, माझ्या उजव्या हाताची दोन बोटं हँडलवरून उचलून सरळ केली आणि पुढे गेले.

शंभर किलोमीटरपैकी शेवटचे पंचवीस सलग धोरे. सकाळचं तिरपं ऊन होतं, प्रत्येक माथ्याची सावली पलीकडे पडलेली, त्यामुळे कोसळणारी बाजू आधीच ओळखू येत होती. चढ, वेग मोड, बघ, उतर. चढ, वेग मोड, बघ, उतर. कुठल्या क्षणी मोजणं बंद झालं आठवत नाही. एका ठिकाणी तीन उद्गारचिन्हं होती. थांबून पाहिलं तर वाळूत अर्ध्या गाडलेल्या टांक्याची भिंत, गावाच्या पाण्याची. भरधाव गेले असते तर ती दिसलीच नसती. एकदाच पडले, तेही जवळजवळ थांबलेली असताना.

नियंत्रण चौकीवर तीन मिनिटं आधी पोचले. लवकर शिरलं तरी दंड असतो, म्हणून पिवळ्या पाटीआधी थांबले, हेल्मेट काढलं आणि घड्याळ पाहत पाणी प्यायले. अंतिम यादीत माझं नाव खालून पाचवं. पण यादीत होतं. ज्यांच्या गाड्या पिकअपवर चढल्या त्यांची नावं नव्हती. कोल्हापूरचा मुलगा हात गळ्यात बांधून शर्यत संपते त्या कमानीशी आला होता. त्याची आईही शेजारी उभी होती, रात्रभर प्रवास करून आलेली. त्या माउलींनी माझ्या हातात राजगिऱ्याची वडी ठेवली आणि विचारलं, "हा पुढच्या वर्षी परत येणार म्हणतोय. कसं करायचं?"

"आधी हाड जुळू द्या," मी म्हटलं, "मग सासवडला पाठवा. आमचे मामा भाकरी छान करतात."

सातवा आणि आठवा दिवस : परत

जैसलमेरचा किल्ला मामांना बघायचा होता. ११५६ मध्ये रावळ जैसलने बांधलेला, आणि आत आजही माणसं राहतात, तारेवर कपडे वाळत असतात. मामा तटाच्या दगडांवरून हात फिरवत होते आणि चिऱ्यांचे सांधे पाहत होते. मी एका पायरीवर बसून राहिले, मांड्या उचलत नव्हत्या. मग पुन्हा सांचोर, अहमदाबाद, नर्मदा, आणि दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा पुणे.

रविवारी सासवडला गेले. ठरल्याप्रमाणे क्रश सँडचा ढीग परत लावायचा होता. गवंडी आलेच होते, पाट्या घेऊन. अंगणात भावाने रॉकेलच्या घमेल्यात तिन्ही फिल्टर धुतले. रॉकेल ओतून दिल्यावर तळाशी बोटभर थर उरला. मामांनी तो कागदावर काढला, उन्हात वाळवला आणि शेजारी क्रश सँडची चिमूट ठेवली. गवंडी वाकून दोन्ही पाहत होते. मामांनी त्यातल्या एकाच्या तळहातावर थरची वाळू ओतली आणि म्हणाले, "मूठ आवळ."

त्याने आवळली. वाळू बोटांच्या फटींतून खाली गेली.